सुंठीचं वेळापत्रक

"आलं का तळं?" आशालताबाईंनी आतल्या खोलीतूनच विचारलं. पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी हे विचारून घ्यायचं, असा आता त्यांचा नेमच झाला होता.

"आलंय," आत्माराम म्हणाले. हातात फडकं घेऊन ते मुख्य दारापाशी उकिडवे बसले होते. "पण जागेवर आलंय."

"जागेवर म्हणजे? मोरीत?"

"दारापाशी. उंबऱ्याच्या अलीकडे वीतभर. काल होतं तिथंच. परवाही तिथंच."

"मग काय, पेढे वाटू?"

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती सुंठ जेवणाच्या टेबलाखाली पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. चार महिन्यांचं पिल्लू, रंग अगदी वाळल्या सुंठीचा, म्हणून आशालताबाईंनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. नाव ठेवताना त्या खुशीत होत्या. आता तिला नावं ठेवत होत्या.

आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. जानेवारीत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गेल्या मंगळवारी पहाटे दूधवाल्याला दार उघडायला गेल्या आणि त्या ओल्यात पाय सरकला. फ्रीजचं हँडल हाताला लागलं म्हणून बरं, नाहीतर दोन लाखांचा गुडघा आणि बाई, दोन्ही आडवे झाले असते. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अहो, मला पुन्हा पडायचं नाही. रविवारपर्यंत बघा. नाहीतर जिथून आणलंत तिथं नेऊन द्या." आशालताबाई अशा शांतपणे बोलल्या की त्याचा अर्थ काय, हे आत्मारामांना छत्तीस वर्षांच्या संसारात चांगलं ठाऊक झालं होतं.

आत्माराम तळेकर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली हे लिहिणारा आणि भोंग्यातून सांगणारा माणूस. एकतीस वर्षं हेच. बाकीचे नियंत्रक 'गाडी उशिरा' एवढं लिहून मोकळे होत. आत्माराम ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून विचारायचे, का उशीर झाला? फाटक होतं? कोणतं फाटक? किती वेळ? ड्रायव्हर वैतागायचे, पण आत्मारामांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. उगाच कुणी उशीर करत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. वर्षभरापूर्वी निवृत्त झाले आणि या माणसाला विचारायला काही उरलंच नाही. बायकोला विचारून विचारून किती विचारणार? मग लहानपणापासून राहून गेलेली एक हौस वर आली, कुत्रं पाळायची. पापडी गावच्या बाजारात फुलं विकणाऱ्या ग्लोरियाबाईंनी टोपलीतून हे पिल्लू आणून त्यांच्या हातात ठेवलं, तेव्हा साठीला टेकलेला हा गृहस्थ रिक्षात बसून घरापर्यंत त्याच्याशी गप्पा मारत आला होता. आता ते परत नेऊन द्यायचं म्हटल्यावर त्यांना जेवण जाईना.

उपाय सगळे झाले होते. पुण्याहून लेक आर्याने व्हिडिओ कॉलवर क्लास घेतला. "बाबा, रात्री आठनंतर पाणी बंद. अकराला खाली न्या. परत आली की डायरेक्ट झोप. आणि ते ट्रेनिंग पॅड मागवा ना." पाणी बंद झालं. अकराची फेरी झाली. पॅड आले, आणि सुंठीने ते फाडून त्यातला कापूस हॉलभर केला. समोरच्या बिऱ्हाडातल्यांनी सांगितलं, तिचं नाक त्यात घासा. आत्मारामांना ते जमलं नाही. दिवसा मात्र सुंठ शहाण्यासारखी वागायची. कुरकुर करायची, खाली नेलं की कुंपणाजवळच्या जास्वंदीच्या ओळीत जाऊन बसायची आणि शेपूट हलवत वर यायची. गडबड फक्त रात्रीची.

"जागा ठरलेली आहे," फडकं पिळता पिळता आत्माराम म्हणाले, "म्हणजे वेळही ठरलेली असणार."

"असू दे. मला काय तिची वेळ फळ्यावर लिहायचीय?"

त्या रात्री आत्माराम हॉलमध्ये खुर्चीत बसून राहिले. दिवा बंद. चहाचा थर्मास जवळ. दोन वाजता डोळे मिटायला लागले तेव्हा उठून तोंडावर पाणी मारून आले. तीन वाजून दहा मिनिटांनी टेबलाखाली खुडबुड झाली. सुंठ उठली, अंग ताणलं, आणि थेट दाराकडे गेली. भुंकली नाही, रडली नाही. दाराकडे तोंड करून बसली. खालच्या फटीला नाक लावलं. मग पुन्हा सरळ बसून राहिली, एखादं माणूस आतून येणार आहे आणि आपल्याला फक्त थांबायचंय, असं. दोनदा तिने मागे वळून अंधारात पाहिलं. आत्माराम श्वास रोखून बसले होते. अकरा मिनिटं ती थांबली. मग तिचा नाइलाज झाला. काम आटोपून ती परत आली आणि टेबलाखाली जाऊन निजली.

"तुम्ही नुसते बघत बसलात?" सकाळी आशालताबाईंनी कपाळाला हात लावला. "उचलून न्यायचं नाही का खाली?"

"नेलं असतं तर ती किती वेळ थांबते ते कळलं असतं का? अगं, ती घाण करत नाहीये. ती कुणाची तरी वाट बघते. अकरा मिनिटं."

आशालताबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

दुसऱ्या रात्री तीनला पाच कमी असताना आत्माराम पट्टा घेऊन तयारच होते. सुंठ उठल्याबरोबर तिला घेऊन लिफ्टने खाली आले. जास्वंदीच्या ओळीपाशी उभं केलं. मोबाइलचा टॉर्च तिच्यावर धरला. सुंठीने डोळे बारीक केले, जमीन हुंगली, मग खाली बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. वॉचमन खुर्चीतून उठून आला.

"साब, कुछ गिरा क्या?"

"नहीं. अभी गिरेगा," आत्माराम म्हणाले.

पण काही झालं नाही. अर्ध्या तासाने ते वर आले, आणि घरात पाऊल टाकताक्षणी सुंठीने उंबऱ्याच्या अलीकडे, वीतभरावर, तळं केलं. आत्मारामांनी ते मुकाट्याने पुसलं. रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. दिवसा जी जागा चालते ती तीन वाजता का चालत नाही? हिला आणखी काय हवंय?

शनिवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली. आशालताबाईंना वाटलं, पिल्लू परत द्यायची बोलणी करायला चाललेत. "एक दिवस आधीच?" त्या जरा नरमून म्हणाल्या.

"द्यायला नाही. विचारायला चाललोय."

भुईगावात ग्लोरियाबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, अंगणात पांढरा रंगवलेला क्रूस, आणि मागे मोगऱ्याच्या ओळीच्या ओळी. पण त्या ओळींकडे पाहून आत्माराम थबकले. सगळी फुलं पूर्ण उमललेली होती. कितीतरी गळून मातीत तांबूस होऊन पडली होती. मोगरा कळी असताना खुडतात, एवढं त्यांनाही माहीत होतं.

ग्लोरियाबाई बाहेर आल्या. डोळे तारवटलेले. "या ना भाऊ, बसा. पिल्लू बरं आहे ना?"

"पिल्लू उत्तम आहे. एक विचारायचं होतं. ती तुमच्याकडे असताना रात्री तीनला काय व्हायचं?"

उत्तर आलं ते ओटीवरून. तिथं आरामखुर्चीत एक उंच, हडकुळा माणूस बसला होता. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा निर्जीव. तोंड थोडं वाकडं. "कळी," तो म्हणाला.

"हे बॅप्टिस्ट, आमचे मालक," ग्लोरियाबाई म्हणाल्या. "फेब्रुवारीत लकवा मारला. तोवर रोज तीनला उठायचे. थंडीत कागड्याची फुलं, उन्हाळ्यात मोगरा. उजाडायच्या आत कळी खुडून पहिल्या गाडीने दादरला. चाळीस वर्षं चुकले नाय. यांनी डोक्याला बॅटरी लावली, दार उघडलं की कुत्री आणि सगळी पिल्लं यांच्या मागनं वाडीत. आता तीनला उठून खुडायला माणूस कुठं मिळतो? फुलं अशीच जातात. पोरं बोलली, पिल्लंपण वाटून टाक. वाटली."

आत्मारामांनी सगळं सांगितलं. दाराकडे तोंड, अकरा मिनिटं, फटीला नाक, जास्वंदीपाशी नुसतं बसून राहणं. बॅप्टिस्ट पुढे वाकून ऐकत होते. मधेच त्यांनी उजवा हात वर केला.

"उजेड कुठनं टाकलात?"

"मोबाइलचा. तिच्यावर धरला."

"अंगावर उजेड टाकला तं ती बसंल कशी? बॅटरी कपाळाला पायजे. तुम्ही पुढं चालायचं. पाठ तिच्याकडं. थांबायचं नाय, बघायचं नाय. ती मागनं येते, दोन ओळींच्या मधे बसते, परत येते." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "अकरा मिनटं थांबली?"

"अकरा."

"मला दाराशी यायला तेवढा वेळ लागायचा नाय," बॅप्टिस्ट म्हणाले.

ग्लोरियाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "भाऊ, तुम्हाला सांगते. हे अजून तीनलाच उठतात. मला हाक मारतात, दार उघड. मी उघडते. मग दारात बसून वाडीकडं बघतात. एक रात्र मला झोप नाय." बोलता बोलता त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिला परत आणून देता का? यांना तेवढीच सोबत होईल."

नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? माणूस असा बसलेला, पिल्लू त्यांचंच, आणि आपल्या घरी तरी ते रविवारपर्यंतच होतं. आत्माराम 'हो' म्हणणारच होते.

"नको," बॅप्टिस्ट म्हणाले. "आणून करू काय? ती दाराशी बसंल आणि मी खुर्चीत. दोघं एकमेकांकडं बघत." त्यांनी ग्लोरियाबाईंना आतून बॅटरी आणायला सांगितली. पट्ट्याची, कपाळाला बांधायची, घामाने काळी पडलेली. "ही न्या. पैला तीनलाच जा. तिची वेळ एकदम तोडू नका. मग रोज दहा मिनटं उशिरा. कळत नाय जनावराला दहा मिनटं. सहावर आणा."

वेळापत्रक दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकवणं. आत्माराम तळेकरांना एवढ्या सोप्या भाषेत आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तीन दहाला सोसायटीच्या आवारात कपाळावर बॅटरी बांधलेला, लेंगा घातलेला एक माणूस जास्वंदीच्या ओळीच्या बाजूने, मागे न बघता, खांदे पाडून चालत गेला. वॉचमनने यावेळी काही विचारलं नाही. त्याला आता या घरच्या माणसांबद्दल काही विचारण्यात अर्थ वाटत नव्हता. आत्मारामांच्या मागे पानांत सळसळ झाली, थांबली, आणि मग चार छोटे पाय धावत येऊन त्यांच्या पायांना भिडले.

रविवारी सकाळी आशालताबाईंनी विचारलं, "आलं का तळं?" आणि उत्तर आलं नाही म्हणून त्या स्वतःच काठी टेकत दारापर्यंत आल्या. फरशी कोरडी होती. त्यांनी बोटाने दोनदा तपासली. "एका दिवसाने काही होत नाही," त्या म्हणाल्या. पण सुंठीच्या वाटीत पोळीचा अर्धा तुकडा पडला.

आठ वाजता आत्मारामांनी भुईगावला फोन लावला. ग्लोरियाबाईंनी स्पीकर चालू केला.

"झालं काम," आत्माराम म्हणाले. "तीन दहा."

"उद्या तीन वीस," पलीकडून जड जिभेचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग रोज आठला फोन. तीन तीस. तीन चाळीस. एका पहाटे सुंठ आधीच उठून बसली होती, पण उंबऱ्यापाशी थांबली, कारण आता थांबलं की माणूस येतो हे तिला कळलं होतं. साडेचारला एकदा वीज गेली, लिफ्ट बंद, आत्माराम तिला काखोटीला मारून तीन मजले उतरले आणि वर आल्यावर पाऊण तास धापा टाकत होते. आशालताबाई म्हणाल्या, "कुत्री शिकेल तोवर तुम्ही जाल." पण चहा त्यांनी केला, आलं जास्त घालून. पुढे पुढे तर त्याच विचारायला लागल्या, "आज किती? पाच? बरं, मग मी पाणी तापवून ठेवते." रविवार येऊन गेला होता. परत द्यायचं कुणी बोललं नाही.

बॅप्टिस्ट दोन शब्दांच्या वर बोलायचे नाहीत, पण फोनची वाट बघायचे. एके दिवशी आठ वाजून पाच मिनिटं झाली तर त्यांचाच फोन आला. "का उशीर?" आत्मारामांना हे इतकं आवडलं की त्यांनी कारण सविस्तर सांगितलं.

दहाव्या दिवशी ग्लोरियाबाईंनी फोन आत नेऊन, हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, तुम्हाला गंमत सांगू? हे पण सरकतायत. तुम्ही साडेचार बोललात ना, मग रात्री मला बोलले, 'मला जाग आली तरी साडेचारपर्यंत हाक मारणार नाय. एवढंसं पिल्लू थांबतं, मला काय झालंय?' पडून राहतात. मला कळतं जागे आहेत, कूस बदलतात. पण हाक मारत नाय. आज मी साडेचारला उठले, भाऊ. किती महिन्यांनी."

त्या दिवसापासून आत्माराम वेळ सांगताना जरा जपून सांगायचे. आपण दोघांना उठवतोय असं त्यांना वाटायचं.

अठराव्या दिवशी सहा वाजले. पुढच्या आठवडाभर सहाच राहिले. बॅटरीची गरज सरली होती, बाहेर उजेडच असायचा. आत्मारामांनी फोन केला, "आठ दिवस झाले. सहाला उठते, खाली जाते, घर कोरडं."



"मग विसरली ती तीन," बॅप्टिस्ट म्हणाले.

"हो. विसरली म्हणायचं."

"रविवारी आणा. बघू द्या."

मे महिन्यातल्या त्या रविवारी तिघंही रिक्षाने गेले. आशालताबाईंनी नारळाच्या वड्या करून घेतल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशीच, अंगण दिसेल असं, रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि आत्माराम सुंठीला घेऊन फाटकातून आत शिरले.

मोगरा नव्हता. ओळीच्या ओळी उपटून टाकलेल्या. सगळीकडे नुसती उकरलेली, तांबडी, कोरडी माती, आणि कुंपणाला लागून वाळक्या झुडपांचा ढीग.

"बुधवारी काढला," ग्लोरियाबाई म्हणाल्या. "यांनीच माणसं बोलावली. खुर्ची बाहेर मांडायला लावली आणि शेवटचं झाड निघेपर्यंत बसले. मी बोलले, एक ओळ ठेवा, अंगणातल्या क्रुसापुरती. बोलले, ठेवली तं मी परत तीनला उठणार." त्या रडल्या नाहीत. झोप झालेल्या माणसासारख्या दिसत होत्या, आणि तेच बघवत नव्हतं.

बॅप्टिस्ट ओटीवर होते. चर्चमध्ये मिस्साला जायचं असल्यासारखा धुतलेला सदरा घालून बसलेले. "सोडा तिला," ते म्हणाले.

आत्मारामांनी पट्टा काढला. सुंठ बॅप्टिस्टच्या पायांपाशी गेली, चपला हुंगल्या, शेपूट जराशी हलवली, जशी ती बिल्डिंगमध्ये कुणाहीपुढे हलवायची. मग वाडीत उतरली. आत्मारामांना मनातून भीती वाटत होती आणि आशाही. त्यांना वाटलं, आता हिला आठवेल. सुंठ उकरलेल्या मातीत हुंगत हुंगत पार मागच्या कुंपणापर्यंत गेली, तिथून परत आली, गोल फिरली, बसायला गेली आणि उठली. पुन्हा फिरली. शेवटी ती धावत आली ती आत्मारामांच्या पायांशी, आणि फाटकाकडे तोंड करून बसली. कुरकुरायला लागली.

"काय झालं हिला?" आशालताबाईंनी विचारलं. "तहान लागली का?"

"तहान नाय, तिला लागलीय," बॅप्टिस्ट म्हणाले. "पण हितं नाय करणार ती. तिची जागा तिकडं आता."

"करेल हो, एवढी माती आहे," ग्लोरियाबाई म्हणाल्या. "थोडी थांबा तरी. चहा टाकलाय."

बॅप्टिस्टनी मान हलवली. ते सुंठीकडेच बघत होते. ती आता फाटकापाशी जाऊन त्याच्या फटीला नाक लावून बसली होती.

"न्या तिला," ते आत्मारामांना म्हणाले. "ताटकळत ठेवू नका." आणि उजवा हात उचलून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला, रिक्षा पुढे घ्यायची खूण केली.